पाण्यांतील मळाचा जमाखर्च

बादलीभर स्वच्छ पाण्यांत निळ्या शाईचा एक थेंब टाकावा आणि बादली न हलवितां तशीच राहूं द्यावी. प्रथम एक निळा धागा खालीं उतरतो, मग त्याला फांटे फुटतात, ते फांटे एकमेकांत मिसळतात, आणि कांहीं काळानें पाहावें तों सगळें पाणी सारख्याच फिकट निळ्या रंगाचें झालेलें असतें. हीच बादली पुढें वर्षभर झांकून ठेवली, तरी विखुरलेली शाई आपण होऊन पुन्हां गोळा झाली आणि पाण्याच्या एका कोपऱ्यांत थेंब होऊन बसली, असा अनुभव कोणास आलेला नाहीं व येणारहि नाहीं. पसरणें सोपें आणि आवरणें कठीण, हें घर चालविणाऱ्या गृहिणीस निराळें सांगावें लागत नाहीं.

आतां त्याच बादलींत चांगल्या कोळशाची मूठभर पूड टाकून पाणी ढवळलें आणि पूड खालीं बसूं दिली, तर मात्र चमत्कार दिसतो. वरचें पाणी निवळ होतें. जी शाई वर्षभर वाट पाहूनहि गोळा होत नव्हती, ती थोड्या वेळांत कोळशाच्या अंगावर जाऊन बसते. तिला तेथें कोणीं वेंचून नेलें नाहीं. ढवळण्यानें फार तर गांठ घालून दिली. मग विखुरलेलें गोळा होत नाहीं हा जो निसर्गाचा नियम, तो येथें मोडला कीं काय?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. पाण्यांत विरघळलेलीं विषें काढून टाकण्याचे आज जे उपाय आहेत, त्यांपैकीं पुष्कळांचा पाया या प्रश्नाच्या उत्तरांत आहे. आणि ते उपाय कोठें फसतात, हेंहि त्याच उत्तरावरून कळतें.

जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियस यानें १८६५ सालीं 'एन्ट्रॉपी' हें नांव प्रचारांत आणलें. ग्रीक भाषेंतील परिवर्तनवाचक शब्दावरून त्यानें तें घडविलें. बाहेरून कांहीं येत नाहीं व बाहेर कांहीं जात नाहीं अशा बंदिस्त व्यवस्थेंत ही राशि आपण होऊन कधीं घटत नाहीं, असा त्याचा सिद्धांत. क्लॉसियसची दृष्टि वाफेच्या यंत्रांकडे आणि उष्णतेच्या देवघेवीकडे होती. या राशीचा आंतील अर्थ उलगडला तो व्हिएन्नाच्या लुडविग बोल्ट्झमननें. एखादी स्थिति रेणूंच्या किती वेगवेगळ्या मांडण्यांनीं सिद्ध होऊं शकते, त्या संख्येशीं एन्ट्रॉपीचें नातें आहे, असें त्यानें दाखविलें. तें सूत्र व्हिएन्ना येथें त्याच्या समाधीच्या दगडावर कोरलेलें आहे.

शाळेची मधली सुट्टी झाली म्हणजे मुलें मैदानभर पसरतात. तीं ठरवून पसरतात असें नव्हे. मैदान मोठें, पाय मोकळे, आणि पसरून राहण्याच्या तऱ्हा असंख्य. उलट सगळींच्या सगळीं मुलें एका कोपऱ्यांत उभीं आहेत अशा तऱ्हा त्या मानानें अगदींच थोड्या. म्हणून नुसत्या यदृच्छेनें तीं कोपऱ्यांत सांपडत नाहींत. परंतु फाटकाबाहेर बोरें आणि चिंचा घेऊन म्हातारी येऊन बसली कीं चित्र पालटतें. मुलें फाटकाशीं गर्दी करतात आणि हिंडण्याचा मोकळेपणा राजीखुषीनें सोडतात. त्या मोकळेपणाची किंमत बोरांनीं चुकती केलेली असते. शाईच्या रेणूंना कोळशापाशीं अशीं कोणतीं बोरें मिळतात, हें आतां पाहावयाचें.

द्रवांतील रंग काढून घेण्याचा कोळशाचा गुण शास्त्रीय रीतीनें प्रथम ओळखला तो टोबियस लोविट्झ या औषधनिर्मात्यानें. हा जन्मानें जर्मन, पण रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथील राजदरबारच्या औषधशाळेंत कामास होता. टार्टारिक अम्ल, म्हणजे चिंचेंत व द्राक्षांत सांपडणारें अम्ल, शुद्ध करतांना द्रावणास तपकिरी रंग येई. कोळशाच्या पुडीनें तो रंग नाहींसा होतो, हें त्याच्या १७८५ सालीं ध्यानांत आलें. पुढें १९ व्या शतकाच्या आरंभीं युरोपांतील साखरेच्या कारखान्यांनीं हाच गुण कामास लावला, आणि त्यासाठीं हाडांचा कोळसा वापरला. गुणाला नांव मिळावयास मात्र बराच अवधि लागला. मराठींत ज्याला अधिशोषण म्हणतात तो पारिभाषिक शब्द युरोपीय भाषांत १८८१ सालीं हाइनरिख कायझर यानें रूढ केला. पुरी तळतांना तेल पिते तें शोषण. तेल तिच्या अंगांत मुरतें. थंड आरशावर वाफ धरते, ती आरशांत मुरत नाहीं, त्याच्या पृष्ठभागाला लागून राहते. अधिशोषण या जातीचें आहे.

येथें एक घोटाळा टाळावयास हवा. तुरटीनें किंवा निर्मळीच्या बीनें गढूळ पाणी निवळतें, आणि निर्मळीचा उपाय तर सुश्रुतसंहितेइतका जुना आहे. पण तेथें मुख्यतः घडतें तें असें कीं पाण्यांत तरंगणारे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून जड होतात व तळाशीं बसतात. जें पाण्यांत विरघळूनच गेलें आहे, त्याच्यापुढें निर्मळीचें फारसें चालत नाहीं, आणि फडक्याचें तर मुळींच नाहीं. तेथें पृष्ठभाग लागतो, आणि तोहि अफाट लागतो. लांकूड किंवा नारळाच्या करवंट्या हवेवांचून जाळून आणि मग तप्त वाफेनें पोखरून जो क्रियाशील कोळसा करतात, त्याच्या एका ग्रॅमांतील छिद्रांच्या भिंती उलगडून पसरतां आल्या, तर सुमारें एक हजार चौरस मीटर जागा व्यापतील. एक हजार चौरस मीटर म्हणजे दहा गुंठे. दहा गुंठे जमीन चिमटींत मावते, ती अशी.

या जमिनीवर रेणु येऊन टेंकला म्हणजे कोळशाच्या अणूंचें व त्याचें परस्पर आकर्षण जुळतें, आणि कांहीं उष्णता बाहेर पडते. हींच तीं बोरें. साध्या चिकटण्यांत ही उष्णता एका मोलमागें साधारणतः दहा ते चाळीस किलोज्यूल असते. मोल हें रेणूंचें एक ठराविक माप आहे. डझन जसा बारांचा, तसा मोल एका प्रचंड पण ठरलेल्या संख्येचा. बाहेर पडलेली उष्णता भोंवतालच्या पाण्यांत जाते आणि तेथील एन्ट्रॉपी वाढविते. चिकटलेल्या रेणूचा मोकळेपणा गेला, त्याची एन्ट्रॉपी घटली. पण भोंवतालची त्याहून अधिक वाढली. दोन्ही बाजूंची बेरीज घेतली म्हणजे क्लॉसियसचा नियम जसाच्या तसा उभा राहतो.

हा दुहेरी हिशेब एकाच वहींत मांडण्याची रीत अमेरिकेंतील येल येथील प्राध्यापक विलर्ड गिब्ज यानें घालून दिली. १८७६ ते १८७८ या काळांत कनेक्टिकटच्या एका विद्वत्सभेच्या नियतकालिकांत त्याचा प्रदीर्घ निबंध छापला गेला, आणि त्याचें मोल समजावयास युरोपांतल्या मोठमोठ्या पंडितांनाहि वेळ लागला. गिब्जचा हिशेब असा: एका रकान्यांत उष्णतेचा फरक लिहावा, दुसऱ्यांत एन्ट्रॉपीचा फरक निरपेक्ष उष्णतामानानें गुणून लिहावा, पहिल्यांतून दुसरा वजा करावा. जी रक्कम उरते ती मुक्त ऊर्जेंतील फरक. ती उणे आली तर क्रिया आपण होऊन घडते, अधिक आली तर घडत नाहीं, शून्य आली तर दोन्ही बाजू समतोल. एन्ट्रॉपीला उष्णतामानानें गुणावयाचें आहे, यांतच खरी खोंच आहे. उष्णतामान जसजसें वाढेल, तसतशी मोकळेपणाची किंमत वाढत जाते. म्हणून वायु कोळशाला थंडींत घट्ट धरून राहतात आणि कोळसा तापविला कीं सुटतात. वायूंच्या बाबतींत हा हिशेब बहुधा असाच लागतो: मोकळेपणा गमावला, उष्णता कमावली.

पाण्यांत मात्र गोष्ट निराळी होते, कारण पाण्यांत बुडालेला पृष्ठभाग कधींच रिकामा नसतो. त्याच्यावर पाण्याचे रेणु आधींच दाटीनें बसलेले असतात. लग्नाच्या मांडवांत पंगत बसली आहे आणि सगळे पाट भरलेले आहेत, अशी कल्पना करावी. इतक्यांत एक स्थूल देहाचे व्याही येतात. त्यांना नीट बसतां यावें म्हणून चार मुलांना उठवावें लागतें. व्याही बसले, एका माणसाचें हिंडणें थांबलें. परंतु उठलेलीं चार मुलें मांडवभर धांवूं लागलीं. मग मांडवांतील एकंदर हिंडणें वाढलें कीं कमी झालें? त्यांतून व्याही एकटे येत नाहींत. त्यांच्यामागें सेवकांचा घोळका असतो, आणि ते पाटावर स्थिर झाले म्हणजे त्या घोळक्यालाहि सुट्टी मिळते. पाण्यांत विरघळलेल्या बहुतेक पदार्थांच्या भोंवतीं पाण्याच्या रेणूंचें असें कडें असतें. पदार्थ पृष्ठभागावर बसतांना तें कडें पुष्कळ अंशीं सुटतें.

यामुळें पाण्यांतल्या अधिशोषणांत कधीं कधीं उलटा प्रकार आढळतो. मळाचा रेणु कैद झाला तरी सुटलेल्या पाण्यामुळें एकंदर एन्ट्रॉपी वाढते; क्रियेंत उष्णता बाहेर पडण्याऐवजीं थोडी आंत घेतली जाते; आणि पाणी कोमट केलें तर अधिशोषण कमी न होतां वाढतें. येथें किंमत बोरांनीं चुकविलेली नसते, सुटलेल्या मुलांच्या धांवपळीनें चुकविलेली असते. एकच घटना, एकच निकाल, पण पैसा वेगळ्या पिशवींतून आलेला. कोणत्या पिशवींतून आला हें ठाऊक असल्याशिवाय पाणी गार करावें कीं ऊन, हें कोणासहि सांगतां येत नाहीं.

इतका नाजूक हा हिशेब आहे. पण त्याची हेळसांडहि तितकीच झालेली आहे. गेल्या कांहीं दशकांत संत्र्याची साल, केळीची साल, नारळाची शेंडी, भुइमुगाचीं टरफलें, भाताचें तूस, अशी एकेक टाकाऊ वस्तु घेऊन ती पाण्यांतील रंग किंवा धातु किती धरते, हें मोजणारे निबंध शास्त्रीय मासिकांतून शेंकड्यांनीं प्रसिद्ध झाले. उद्देश चांगला, प्रयोगहि बहुधा प्रामाणिक. पाणी तीन-चार उष्णतामानांवर ठेवून, सालीवर किती मळ गेला व पाण्यांत किती उरला याचें गुणोत्तर काढतात, त्याचा लॉगॅरिथम घेऊन एक सरळ रेषा आंखतात, आणि रेषेच्या उतारावरून उष्णता व तिच्या टोंकावरून एन्ट्रॉपी वाचतात. घोटाळा होतो तो येथें. तें गुणोत्तर नुसती संख्या नसतें. त्याला 'एका ग्रॅममागें इतके लिटर' असें माप चिकटलेलें असतें, आणि मापाचा लॉगॅरिथम निघत नाहीं. लिटराऐवजीं मिलिलिटर लिहिले कीं गुणोत्तर हजारपट होतें आणि एन्ट्रॉपी एकदम सुमारें ५७ ज्यूलनीं फुगते. उणे ३० आलेला आंकडा मापट्याचें नांव बदलतांच अधिक २७ होतो. मुक्त ऊर्जाहि नेहमींच्या उष्णतामानाला १७ किलोज्यूलनीं सरकते, आणि कालपर्यंत नादान ठरलेली साल आज मोठी गुणी ठरते. पाण्यांतील रेणूंना याची वार्ताहि नसते. शेराऐवजीं छटांकांनीं मोजलें म्हणून गवळ्याच्या गाईचें दूध वाढत नाहीं.

याहून विनोदी भाग पुढें असतो. तो अधिक आंकडा पाहून 'घन व द्रव यांच्या सीमेवर अव्यवस्था वाढली' असें एक ठराविक वाक्य लिहावयाचें, आणि मागील निबंधांतून तें पुढील निबंधांत उतरावयाचें. वाक्य कधीं कधीं खरेंहि असेल; वर सांगितलेल्या पंगतीसारखें कांहीं खरोखर घडलें असेल. पण जो आंकडा मापट्यावर अवलंबून, त्यानें तें सिद्ध होत नाहीं. प्रमाण स्थिति कोणती धरली तें आधीं सांगावें, गुणोत्तर मापरहित करून घ्यावें, मगच एन्ट्रॉपीचें चिन्ह सांगावें, असा इशारा अनेक रसायनज्ञांनीं दिलेला आहे. उष्णतेचा आंकडा रेषेच्या उतारावरून येतो, म्हणून या गफलतींतून तो तेवढा वांचतो.

आतां समतोलाची गोष्ट. अमेरिकन रसायनज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यानें १९१८ सालीं पृष्ठभागाचें जें गणित मांडलें, त्यांतील मूळ कल्पना फार साधी आहे. पृष्ठभागावर ठराविक जागा. रेणु येऊन बसतात आणि उठूनहि जातात. जितके येतात तितकेच उठूं लागले म्हणजे समतोल झाला. लँगम्यूरला पुढें १९३२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें पृष्ठभागांच्या रसायनाबद्दलच. ही कल्पना मनांत धरली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. अधिशोषण हा तुरुंग नाहीं, ती धर्मशाळा आहे. पाण्यांत मळ पुष्कळ असेल तर धर्मशाळा भरते. मागाहून स्वच्छ पाणी येऊं लागलें तर भरलेल्या धर्मशाळेंतून पाहुणे बाहेर पडतात. आणि एखादा अधिक जोरदार पाहुणा आला तर तो आधीच्या दुबळ्याला बाहेर काढून त्याचा पाट घेतो. शहरांतील घरोघरीं नळाला लावलेल्या गाळणींत कोळशाचें जें नळकांडें असतें, तें मुदतींत बदललें नाहीं तर नुसतें निरुपयोगी होऊन थांबत नाहीं. कालचा मळ आजच्या पाण्यांत परत करण्याचाहि त्याचा अधिकार निसर्गनियमानें मान्य केलेला आहे. पुष्कळ घरांत मात्र नळकांडें बसविल्याची तारीख कोणाच्याहि लक्षांत नसते.

मोठ्या कारखान्यांतून भरलेला कोळसा भट्टींत घालून ८०० अंशांच्या वर तापवितात. गिब्जच्या वहींतील दुसरा रकाना इतका फुगविला जातो कीं चिकटलेल्यांना धरून ठेवणें कोळशास परवडत नाहीं. कांहीं सुटतात, कांहीं जळतात. कोळसा पुन्हां कामास येतो, पण दर खेपेस थोडा खर्ची पडतो, आणि इंधन लागतें तें निराळेंच. पाणी स्वच्छ करतांना जो व्यवहार फुकटांत झाल्यासारखा दिसला, त्याची पावती येथें फाडली जाते. सोमलासारखें विष तर भट्टींतहि नष्ट होत नाहीं; तें मूलद्रव्य आहे.

हीच धर्मशाळा एका सबंध प्रदेशाच्या पोटांत असली आणि तिचे पाट एकाएकीं काढून घेतले गेले, तर काय होतें, हें बंगालनें पाहिलेलें आहे.

गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांनीं हजारों वर्षें हिमालयाचा गाळ आणून बंगालचा सखल प्रदेश घडविला. त्या गाळांतील वाळूच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचें पातळ पूट असतें, आणि त्या पुटावर सोमल, म्हणजे आर्सेनिक, अल्प प्रमाणांत अधिशोषणानें बसलेला असतो. गंज हा सोमलाचा मोठा यजमान आहे. हवेचा संबंध होता तोंवर हा बंदोबस्त पक्का राहिला. परंतु गाळाबरोबर झाडापाल्याचे अवशेषहि गाडले गेले. त्यांच्यावर उपजीविका करणाऱ्या सूक्ष्म जंतूंनीं जमिनींतील प्राणवायु संपविला, आणि तो संपल्यावर श्वसनासाठीं त्यांनीं गंजाचाच उपयोग केला. त्यामुळें गंज विरघळला. पाहुणे उठले नाहींत. पाटच नाहींसे झाले. सोमल भूजलांत उतरला. बहुसंख्य भूशास्त्रज्ञांनीं मान्य केलेली उपपत्ति ती हीच.

वर तळीं व डबकीं यांचें पाणी पिऊन पटकी आणि अतिसार यांनीं माणसें मरत, म्हणून १९७० नंतरच्या काळांत पूर्वेकडील बंगालमध्यें, म्हणजे बांगलादेशांत, आणि पश्चिम बंगालमध्येंहि नळविहिरी मोठ्या संख्येनें खोदण्यांत आल्या. पाणी दिसावयास निर्मळ, जंतूंपासून मुक्त. १९८३ सालीं कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेंतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे अंगावर काळे ठिपके आणि तळहात-तळपायांवर कठीण गांठी असलेले रोगी आले, आणि हें सोमलाचें विष आहे असें त्यांनीं ओळखलें. बांगलादेशांतील विहिरींत तें आढळलें १९९३ सालीं. एका लिटरांत १० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेनें त्याच वर्षीं सुचविलेली मर्यादा. अनेक विहिरींतलें प्रमाण त्याच्या दसपट आणि त्याहूनहि अधिक. ज्या विहिरी लेंकरें वांचविण्यासाठीं खोदल्या, त्यांच्याच पाण्यानें पुढें कर्करोगापर्यंत मजल गेली. एका दोषाचा बंदोबस्त करतांना दुसरा दार उघडून आंत येतो, याचें इतकें दारुण उदाहरण दुसरें सांपडणें कठीण.

येथें एन्ट्रॉपीचा एक छोटा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक हजार लिटर पाण्यांत, लिटरमागें १०० मायक्रोग्रॅम या प्रमाणांत, सोमल आहे असें धरावें. एकूण सोमल भरतो एक दशांश ग्रॅम. हा विखुरलेला सोमल एकत्र आणून एका लिटराला एक मोल इतक्या दाटीचा करावयाचा, तर निसर्गाचा नियम कमींत कमी किती श्रम मागतो? सुमारें ४५ ज्यूल. दहा लिटर पाण्यानें भरलेली कळशी जमिनीवरून गुडघ्याएवढी उचलावी, तितके. नियमाचें मागणें इतकें क्षुल्लक असूनहि गांवोगांवचीं पाणीयोजना-मंडळें घाईला कां येतात? कारण तो एक दशांश ग्रॅम कोठें आहे हें कोणास ठाऊक नसतें. तो दिसत नाहीं, त्याला वास नाहीं, चव नाहीं. म्हणून हजारच्या हजार लिटर पाणी, थेंब न थेंब, योग्य पृष्ठभागावरून न्यावें लागतें, आणि तेथें फॉस्फेटासारखे दुसरे उमेदवार त्याच पाटांसाठीं रांगेंत उभे असतात. खर्च उचलण्याचा नाहीं, शोधण्याचा आहे.

कळशीचा उल्लेख केवळ उपमेसाठीं नाहीं. बंगाली बोलींत जिला कोल्शी म्हणतात ती मराठींतील कळशीच, आणि बांगलादेशांतील खेड्यांत सोमलावर जो घरगुती उपाय निघाला त्यांत अशा तीन कोल्शी एकावर एक ठेवलेल्या असत. वरच्या कोल्शींत लोखंडाचा कीस व वाळू, मधलींत कोळसा व वाळू, खालची नुसती पाणी धरावयास. लोखंड गंजे, ताजा गंज सोमल धरी. ज्या गंजानें जमिनीखालीं सोमल सोडला, त्याच गंजाला माणसानें पुन्हां यजमानपद दिलें. कांहीं काळानें कीस गोठून घट्ट होई आणि पाणी तुंबे. ही अडचण दूर करून मूळचे बांगलादेशाचे रसायनज्ञ अबुल हुसाम यांनीं सुधारलेली गाळणी तयार केली, आणि तिला २००७ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीकडून दहा लाख डॉलरचें पारितोषिक मिळालें. त्याच स्पर्धेंत दुय्यम पारितोषिक अरूप सेनगुप्ता व त्यांचे सहकारी यांस मिळालें. त्यांची योजना घरोघरची नव्हे, सबंध वस्तीची: नळविहिरीच्या पंपालाच एक उभें नळकांडें जोडलेलें, आंत क्रियाशील ॲल्युमिना. पश्चिम बंगालमध्यें अशीं यंत्रें १९९७ पासून बसविलीं गेलीं. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील कांहीं गांवांच्या विहिरींत जो फ्लोराइडाचा दोष आढळतो, त्याच्यावरहि हाच ॲल्युमिना चालतो.

ॲल्युमिना भरला म्हणजे तो काढून मध्यवर्ति ठिकाणीं नेतात व कॉस्टिक सोड्याच्या द्रावणानें धुतात. क्षारामुळें पृष्ठभागावरील विद्युद्भार पालटतो, सोमल सुटतो, ॲल्युमिना पुन्हां कामास येतो. धुवणाच्या पाण्यांतला सोमल लोखंडाच्या क्षारानें पुन्हां गंजावर घेऊन त्याचा गाळ करतात. हजारों घागरी पाण्यांतलें विष आतां थोड्याशा तांबूस चिखलांत आलें. तो चिखल टाकावयाचा कोठें?

सहज सुचणारें उत्तर, खड्डा खणून पुरून टाकावा, वर माती लोटावी. परंतु पुरलेल्या खड्ड्यांत हवा नसते, कचरा कुजत असतो, जंतु प्राणवायु संपवितात आणि मग गंजाकडे वळतात. गंज विरघळला कीं सोमल पुन्हां पाण्यांत. बंगालच्या जमिनीखालीं जें हजारों वर्षें घडलें, तेंच त्या खड्ड्यांत नव्यानें सुरू होतें. म्हणून सेनगुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांच्या योजनेंत तो गाळ पुरला जात नाहीं. जाड्या वाळूचा थर देऊन, त्याच्यावर गाळ पसरून, हवा खेळती राहील अशा रीतीनें तो ठेवतात. पाणी वाळूंतून झिरपून जातें, आणि गाळ वर, हवेशीर, गंजलेलाच राहतो.